रांगेतली शेवटची मुलगी

मैदानावर फक्की ओढताना माझं मन जेवढं शांत असतं, तेवढं दिवसभरात पुन्हा कधी नसतं. सकाळचे पावणेसात, गवतावर दव, कोपऱ्यात ठोकलेली खुंटी आणि तिला बांधलेली सुतळी. मुलींचं कबड्डीचं मैदान १२ बाय ८ मीटरचं. चारही बाजू मापल्या म्हणून काम संपत नाही; कोपरे काटकोनात नसले तर मैदान तिरकं बसतं आणि ते लांबूनही डोळ्याला खुपतं. म्हणून कर्ण मापायचा. तो १४ मीटर ४२ सेंटिमीटर भरला की मैदान बरोबर बसलं. मग भोकं पाडलेल्या डब्यातून फक्की सोडत, सुतळीच्या कडेकडेनं, एकेक पाऊल मागं सरकत जायचं. पुढं चालत गेलं तर आपल्याच पायांनी रेघ मोडते.

हे सगळं मला बी.पी.एड.ला, म्हणजे शारीरिक शिक्षणाच्या पदवीला, शिकवलं. माझ्या वेळी तो अभ्यासक्रम एका वर्षाचा होता. २०१४च्या नियमावलीनंतर दोन वर्षांचा झाला. त्या एका वर्षात आम्ही सराव पाठ घेतले, टाचणं लिहिली, स्नायूंच्या आणि हाडांच्या आकृत्या काढल्या, पहाटे उठून धावलो. प्रत्येक पाठाला मागं कुणीतरी निरीक्षक उभे असायचे आणि पाठ संपला की वहीत लाल शाईनं लिहून द्यायचे. 'आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचत नाही.' 'मुलांच्या डोळ्यांवर ऊन घेतलं.' 'शिट्टी फार वाजवली.' त्या लाल शाईचा तेव्हा राग यायचा. मग पदवी मिळाली, कराडच्या बाजूला एका गावातल्या शाळेत नोकरी लागली, आणि पुढची सहा वर्षं माझा तास बघायला मैदानावर कुणीच आलं नाही.

तपासणी व्हायची, पण ती कागदांची. साहित्याची जडसंग्रह नोंदवही, स्पर्धांच्या फायली, किती संघ तालुक्याला गेले, किती जिल्ह्याला गेले. मी मुलींना काय शिकवते आणि कसं शिकवते, हे कुणी पाहिलं नाही. वाईट हेतूनं नव्हे. मुख्याध्यापक गणिताचे, गणिताच्या तासाला ते मागच्या बाकावर जाऊन बसायचे, तिथं त्यांना काय चुकलं ते कळायचं. मैदानावर काय बघायचं हेच त्यांना ठाऊक नव्हतं. मुलं रांगेत आहेत, गोंगाट नाही, कुणी पडलं-झडलं नाही, म्हणजे तास चांगला झाला.

आणि विचारायचं तरी कुणाला? शाळेत मराठीचे चार शिक्षक असतात, गणिताचे तीन. एखादी गोष्ट अडली तर टेबलापलीकडं बसलेल्या माणसाला विचारता येतं. शारीरिक शिक्षणाचा माणूस बहुतेक शाळांत एकटाच असतो. त्याच्या विषयाची भाषा बोलणारं दुसरं कुणी त्या इमारतीत नसतं. पगार, बदल्या, संचमान्यता (शाळेला किती शिक्षक मंजूर होतात ते) याविषयी आम्ही पुष्कळ बोलतो आणि बोललंच पाहिजे, पण या एकटेपणाविषयी आम्ही आपसांतही फारसं बोलत नाही. माझ्या मते आमच्या पेशाचं सगळ्यात जास्त नुकसान त्यानंच केलं आहे.

नोकरीच्या सातव्या वर्षी आमच्या भागातले एक निवृत्त क्रीडाशिक्षक पंच म्हणून शाळेत आले होते. सामने आटोपल्यावर चहा पिता पिता त्यांनी विचारलं, "मॅडम, उद्या तुमच्या तासाला येऊन बसू का?"

मला आनंदच झाला. मी आठवीचा तास ठेवला. ६२ मुली, ३ हँडबॉल, ३५ मिनिटं. रात्री नीट टाचण काढलं, किती वर्षांनी! पूरक व्यायाम, मग छातीपासून पास, खांद्यावरून पास, शेवटी रिले. चार रांगा. माझा आवाज खणखणीत होता, मुली शिस्तीत होत्या. सर चिंचेच्या झाडाखाली खुर्चीवर बसून होते, हातात स्टॉपवॉच. मला वाटलं, रिलेची वेळ घेत असतील.

तास संपल्यावर त्यांनी मला झाडाखाली बोलावलं आणि एक चौकोनी कागद पुढं केला. त्यावर फक्त एक आकडा होता. ३ मिनिटं ४० सेकंद.

"तिसऱ्या रांगेतली शेवटची मुलगी," ते म्हणाले. "दोन वेण्या, निळी रिबन. तासभर मी तिलाच बघत होतो. ती जेव्हा जेव्हा हलली तेव्हा घड्याळ चालू केलं, उभी राहिली की बंद केलं. पस्तीस मिनिटांत तिच्या अंगाला एवढी हालचाल मिळाली."

मी काहीतरी बोलले असेन. मुली जास्त आहेत, चेंडू तीनच आहेत, वर्गातून मैदानावर यायलाच सहा मिनिटं जातात. सगळं खरंच होतं. सरांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बरोबर आहे. त्यातलं यायला-जायला आठ मिनिटं धरा, हजेरीला चार. तुम्ही बोलत होता ती नऊ मिनिटं. उरलेला वेळ ती रांगेत होती. रांग कुणी लावली?"

त्या रात्री मला झोप लागली नाही. पाच ते सतरा वर्षांच्या मुलांना रोज सरासरी ६० मिनिटं चांगला दम लागेल अशी हालचाल हवी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. मी दर वर्षी पालकसभेत ते वाक्य म्हणत असे. आणि माझ्या स्वतःच्या तासाला, मी शिट्टी घेऊन समोर उभी असताना, एक मुलगी बराच वेळ पुढच्या मुलीच्या पाठीकडं बघत उभी होती.

पुढचे दोन महिने सर दर गुरुवारी यायचे. त्यांच्याकडं गाडी नव्हती, एसटीनं यायचे. त्यांनी मला नवीन काही खेळ शिकवले नाहीत. चार रांगांच्या जागी पाच-पाच जणींचे बारा-तेरा गट केले. जुन्या सायकलच्या ट्यूबचे तुकडे कापून त्यांच्या रिंगा केल्या, मुलींनी घरून चिंध्या आणून त्यांचे कापडी चेंडू शिवले. हजेरी वर्गातून बाहेर पडताना दारातच घ्यायची. सूचना एका वेळी एकच, ती पण तीस सेकंदांत. आणि मी मध्ये उभी न राहता कडेनं फिरत राहायचं, कारण मध्ये उभं राहिलं की अर्ध्या मुली पाठीमागं जातात. दोन महिन्यांनी सरांनी पुन्हा एका मुलीवर घड्याळ लावलं. १४ मिनिटं भरली. ती मुलगी कोणती हे त्यांनी मला या वेळी सांगितलं नाही.

सर कांदिवलीचे विद्यार्थी. मुंबई सरकारनं १९३८ साली तिथं शारीरिक शिक्षणाची प्रशिक्षण संस्था काढली आणि पुढं कित्येक पिढ्या तिथल्या मैदानावर घडल्या. सरांना शाळेत शिकवणारे गुरुजी त्याही आधीचे, अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात उन्हाळी वर्ग केलेले. वैद्य बंधूंनी १९१४ साली सुरू केलेलं ते मंडळ. १९३६च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी याच मंडळाच्या पथकानं तिथं कबड्डी आणि आपले देशी खेळ करून दाखवले होते. पण सरांचे गुरुजी त्यांना बर्लिनचं काही सांगत नसत. ते सांगायचे उन्हाळ्याचं. मे महिन्याच्या सुट्टीत ठिकठिकाणचे मास्तर वळकट्या घेऊन विदर्भाच्या उन्हात जमायचे. सकाळ-संध्याकाळ मैदान, दुपारी सावलीत चर्चा. एकानं शिकवायचं, बाकीच्यांनी विद्यार्थी व्हायचं, मग त्याचं काय चुकलं ते सगळ्यांनी सांगायचं. लेझीम, जंबिया, मल्लखांब, कवायत. परत जाताना प्रत्येकाच्या ट्रंकेत एक वही असायची आणि पुढच्या उन्हाळ्यात तीच वही घेऊन माणूस परत यायचा.

सरांनी हे सांगितलं तेव्हा मला त्या वह्यांचा फार हेवा वाटला. जवळजवळ शंभर वर्षांपूर्वी, रेल्वेच्या तिसऱ्या वर्गानं प्रवास करून, त्या लोकांनी जे मिळवलं होतं ते मला मिळालं नव्हतं.

मल्लखांबावर किंवा जिम्नॅस्टिक्समध्ये एक शब्द आम्ही सारखा वापरतो, आधार देणं. मुलगी पहिल्यांदा हातांवर उभी राहते तेव्हा शिक्षकाचा एक हात तिच्या पोटरीला आणि दुसरा खांद्याजवळ असतो. तो हात तिला उचलत नाही, धरूनही ठेवत नाही, नुसता असतो. तोल जाईल त्या क्षणी तो तिथं पाहिजे, आणि तोल सावरायला लागली की तो बोटभर लांब गेला पाहिजे. फार लवकर काढला तर मुलगी मानेवर पडते, काढलाच नाही तर ती कधीच उभी राहायला शिकत नाही. हे व्हिडिओ बघून येत नाही. आपल्या हातावर दुसऱ्या कुणी हात ठेवून 'इथं धरा, आता सोडा' असं सांगावं लागतं.

२०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात प्रत्येक शिक्षकानं वर्षाला किमान ५० तास व्यावसायिक विकासासाठी द्यावेत असं म्हटलं आहे. मला ते मनापासून पटतं. पण त्या तासांतले बरेचसे मोबाइलवर व्हिडिओ बघण्यात आणि प्रश्नांची उत्तरं देण्यात जातात, आणि त्यात आमच्या विषयाचा वाटा फार थोडा असतो. भाषा आणि अंकज्ञान महत्त्वाचं आहेच. मात्र एखाद्या शिक्षकाला आयुष्यात एकदाही कुणी मैदानावर, मुलांसमोर, हात धरून काही शिकवलं नसेल, तर त्याच्या मुलांच्या मानेची जबाबदारी आपण कुणाच्या भरवशावर टाकली आहे?

हे मी उगाच मोठ्या आवाजात विचारत नाही. माझ्या हातून एक गुडघा गेलेला आहे.

सर भेटायच्या आधीची गोष्ट, नोकरीचं तिसरं वर्ष. खो-खोचा सतरा वर्षांखालील मुलींचा संघ, त्यात दहावीतली एक मुलगी अशी की तिच्या पाठलागाला तालुक्यात तोड नव्हती. सरावात खांबाजवळ वेगानं वळताना तिचा पाय रोवला गेला आणि शरीर पुढं फिरलं. मी दहा फुटांवर होते. 'कट्' असा आवाज मला ऐकू आला, आजही येतो. ती खाली बसली, रडली नाही. मी काय केलं? तिला उठवलं, चालायला लावलं. 'चालून बघ, मोकळं होईल.' घरी तेल लावून चोळायला सांगितलं. तिच्या आईनं हाडवैद्याकडं नेलं, त्यानं ओढून बसवलं. आठ दिवसांनी सूज उतरली, ती म्हणाली, "मॅडम, बरं वाटतंय." पंधराव्या दिवशी जिल्ह्याचे सामने होते. मी तिला क्रेप बँडेज बांधून खेळवलं. दुसऱ्या डावात ती सरळ धावत असताना गुडघा आपोआप दुमडला आणि ती पडली.

पुण्यात एमआरआय झाला तेव्हा कळलं की गुडघ्यातला पुढचा लिगामेंट, ज्याला एसीएल म्हणतात, तो पहिल्याच दिवशी तुटलेला असणार, आणि नंतरच्या खेळण्यानं आतली गादीही फाटली होती. ऑपरेशनचा खर्च घरच्यांना झेपणारा नव्हता. ती पुन्हा खेळली नाही. आता तिचं लग्न झालं आहे, मुलगा पहिलीत आहे. रविवारच्या बाजारात कधी कधी भेटते, हसून बोलते, 'मॅडम, घरी या' म्हणते. बाजारतळाच्या पायऱ्या उतरताना मात्र एका हातानं कठडा धरते. मी दर वेळी त्या हाताकडं बघते.

मला कुणी दोष दिला नाही. गावात ते सगळ्यांना साहजिक वाटलं, खेळात लागतंच. पण मला आता ठाऊक आहे की 'कट्' असा आवाज, लगेच आलेली सूज आणि पाय टेकवताना गुडघा सटकल्यासारखं वाटणं ही तीन लक्षणं एकत्र दिसली की मूल त्या दिवशी उठून चालता कामा नये. चोळायचं नाही, ओढायचं नाही. बर्फ फडक्यात गुंडाळून लावायचा, आधारपट्टी बांधायची, पाय उंच ठेवायचा आणि हाडांच्या डॉक्टरकडं न्यायचं. ही माहिती तेव्हाही जगात होती. माझ्या पुस्तकात प्रथमोपचाराचं एक प्रकरण होतं, परीक्षेत त्यावर एक टीप यायची आणि मी ती चांगली लिहिली होती.

पुढं काही वर्षांनी शेजारच्या शहरातली एक फिजिओथेरपिस्ट, आमच्याच शाळेची जुनी विद्यार्थिनी, सुट्टीत आली असताना मैदानावर आली. तिनं मुलींना एका बाकावरून खाली उडी मारायला सांगितली आणि मला म्हणाली, "मॅडम, चेहऱ्याकडं नका बघू, गुडघ्यांकडं बघा." पंधरापैकी नऊ मुलींचे गुडघे जमिनीला पाय टेकताना आत वळत होते, एकमेकींना चिकटायला निघाल्यासारखे. मी इतकी वर्षं त्याच मुलींना उड्या मारायला लावत होते आणि मला ते कधी दिसलं नव्हतं. मुलींमध्ये एसीएलची दुखापत मुलांपेक्षा जास्त होते आणि गुडघा असा आत वळणं हे त्यामागचं एक मोठं कारण मानलं जातं, हे तिनं त्या दिवशी सांगितलं. फुटबॉलपटूंसाठी तयार केलेला 'फिफा ११ प्लस' हा वीस मिनिटांचा पूर्वतयारीचा व्यायाम तिनं आमच्या खो-खोच्या मुलींना बसवून दिला. धावणं, एका पायावर तोल, उडी मारून गुडघे मऊ ठेवत उतरणं, पोटाच्या आणि मांडीच्या मागच्या स्नायूंची ताकद. साहित्य काही लागत नाही, पैसे लागत नाहीत. फक्त उतरताना प्रत्येकीच्या गुडघ्यांकडं बघणारा एक डोळा लागतो.

तो डोळा मला दोन तासांत मिळाला. दोन तास! त्या आधी तो नव्हता म्हणून एका मुलीचं सगळं खेळणं गेलं.

विषयाचं पूर्ण नाव 'आरोग्य व शारीरिक शिक्षण' असं आहे. त्यातला पहिला शब्द कुणाच्या फारसा लक्षात राहत नाही, पण तो मुलींच्या पक्का लक्षात असतो. पाळीत पोट दुखतंय, कपड्याला डाग लागलाय, चार महिने आलीच नाही, काकाची नजर बरोबर वाटत नाही. या सगळ्या गोष्टी मुली विज्ञानाच्या मॅडमना सांगत नाहीत, मैदानावरच्या मॅडमना सांगतात, कारण आमच्यासमोर त्या घामेजलेल्या, केस विस्कटलेल्या, खऱ्या असतात. २०२०च्या फेब्रुवारीत आयुष्मान भारतखाली शाळा आरोग्य कार्यक्रम सुरू झाला, त्यात प्रत्येक शाळेतले दोन शिक्षक आरोग्यदूत करायचं ठरलं, शक्यतो एक पुरुष आणि एक स्त्री. आमच्याकडून माझं नाव गेलं. काम मोलाचं आहे, मी ते आनंदानं करते. तरी एखादी मुलगी रडत रडत काकाचं नाव सांगते तेव्हा पुढं नेमकं काय करायचं, कुणाला फोन करायचा, तिच्या आईशी कसं बोलायचं, हे पुस्तिकेत चार ओळींत मावत नाही. अशा दिवसानंतर आमच्याशीही कुणीतरी बोलायला हवं असतं.

साधं उदाहरण सांगते. आठवड्याची ती निळी गोळी, लोह आणि फॉलिक आम्लाची. दर सोमवारी वाटायचं काम माझ्याकडं. मी ती परिपाठानंतर लगेच वाटायचे, मोजून, सह्या घेऊन. आणि भिंतीपलीकडं निळ्या गोळ्यांचा सडा पडायचा. मी मुलींवर ओरडायचे. शेवटी प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या सिस्टर एका सोमवारी स्वतः आल्या, मुलींमध्ये मांडी घालून बसल्या आणि विचारलं, "काय होतं गं गोळी खाल्ल्यावर?" मळमळतं, म्हणाल्या मुली. एक हळूच म्हणाली, काळी शी होते, भीती वाटते. सिस्टरांनी सांगितलं की उपाशीपोटी लोह घेतलं की मळमळतंच, म्हणून दुपारच्या जेवणानंतर घ्यायची, वर लगेच चहा प्यायचा नाही कारण चहानं लोह अंगी लागत नाही, आणि काळी शी होणं म्हणजे काही बिघडलं असं नाही. पाच मिनिटांचं बोलणं. पुढच्या सोमवारपासून मी जेवणाच्या सुट्टीनंतर गोळ्या वाटायला लागले आणि भिंतीपलीकडं जाऊन बघितलं तर चार-पाचच सापडल्या. ६०० मीटर धावताना तिसऱ्या वळणावर छाती धरून थांबणारी एक सातवीतली मुलगी मला आळशी वाटायची. शाळा तपासणीला आलेल्या डॉक्टरांच्या पथकानं तिचं रक्त तपासायला सांगितलं, तेव्हा हिमोग्लोबिन ७ निघालं. तिला मी 'पळ, पळ' म्हणून ओरडले होते.

आता थोडं माझ्यापेक्षा धाकट्या लोकांविषयी, कारण माझी नोकरी निदान पक्की आहे. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात असं आहे की सहावी ते आठवीला १०० पेक्षा जास्त मुलं असतील तिथं कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांसाठी अंशकालीन निदेशक असावेत. म्हणजे पूर्ण वेळेचा माणूस कायद्यानं तिथं मागितलेलाच नाही, आणि वाडीवस्तीवरच्या साठ-सत्तर मुलांच्या शाळेत तर अर्ध्या वेळेचाही नाही. त्या मुलांना धावायचं असतंच की! माझ्या ओळखीच्या कितीतरी मुला-मुलींनी बी.पी.एड., एम.पी.एड. केलं आहे आणि ती तासिका तत्त्वावर, म्हणजे घेतलेल्या तासांपुरत्याच पैशांवर, दोन-दोन शाळा करतात. सुट्टीचे पैसे नाहीत, मार्चमध्ये परीक्षा लागल्या की मैदान बंद आणि तासिकाही बंद. अशा माणसाला आपण 'स्वतःचा विकास करा' म्हणतो तेव्हा त्याच्या खिशात एसटीचं तिकीट आहे का, हेही विचारायला हवं. मैदानावर शिकवणाऱ्याच्या पोटाची सोय न करता त्याच्याकडून चांगल्या तासाची अपेक्षा करणं मला अन्यायाचं वाटतं.

दर १५ जानेवारीला, खाशाबा जाधवांच्या जन्मदिवशी, राज्य क्रीडा दिन साजरा होतो. आमच्या भागात तर तो घरचा सण, कारण त्यांचं गाव गोळेश्वर इथून हाकेच्या अंतरावर आहे. १९५२च्या हेलसिंकी ऑलिंपिकला कुस्तीसाठी जायला त्यांना पैसे कमी पडत होते तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले, ही गोष्ट मी दर वर्षी मुलांना सांगते. अलीकडं मी ती मुख्याध्यापकांच्या बैठकीतही सांगितली. आम्हाला घर गहाण नको. महिन्यातून एका शनिवारी कर्तव्यरजा हवी.

ती आम्हाला मिळाली. सगळ्या शाळांतून नाही, सातांतून मिळाली. आम्ही अकरा जण आहोत; चार जण अजून स्वतःची किरकोळ रजा टाकून येतात. सर गेल्यानंतरच्या वर्षी आम्ही हे सुरू केलं. दर महिन्याला एका शाळेत जमायचं. त्या शाळेचा शिक्षक त्याच्या नेहमीच्या वर्गाचा नेहमीचा तास घेतो, खास तयारी केलेला नव्हे. बाकीच्या दहा जणांनी प्रत्येकी एकच मूल निवडायचं आणि तासभर त्यालाच बघायचं. शक्यतो चमकणारं मूल निवडायचं नाही. मग झाडाखाली बसून प्रत्येकानं फक्त आपल्या मुलानं काय केलं तेवढं सांगायचं, शिक्षकाविषयी एक शब्दही बोलायचा नाही. ही अट सरांच्याच पद्धतीतून आली आहे. त्यांनी मला कधी 'तुम्ही चुकलात' म्हटलं नव्हतं; त्या मुलीचं काय झालं तेवढंच सांगितलं होतं. दहा मुलांच्या दहा गोष्टी ऐकल्यावर शिक्षकाला स्वतःचा तास आपोआप दिसतो. पहिल्या वर्षी दोघं जण रागावून येईनासे झाले, नंतर त्यातला एक परत आला. अर्धांगवायूनं एक पाय ओढत चालणारा एक मुलगा एका तासाला सगळा वेळ गुण लिहिणारा म्हणून बाकावर बसून होता, हे आम्हाला अशाच एका शनिवारी दिसलं. पुढच्या महिन्यात त्या सरांनी खेळाचं मैदानच लहान केलं आणि तो मुलगा आत आला.

या जुलैत गटात एक नवी मुलगी आली. तासिका तत्त्वावर, दोन शाळा, घरापासून अठरा किलोमीटर. पहिल्या बैठकीत ती एक शब्द बोलली नाही. निघताना माझ्याजवळ येऊन म्हणाली, "ताई, माझा तास सगळ्यांसमोर नको. तुम्ही एकट्या याल?"

गेल्या बुधवारी गेले. पत्र्याची शाळा, मागं उसाचं शेत, मैदान म्हणजे उताराची जागा. सातवी, ४८ मुलं-मुली. तिनं खडूनं उतारावरच चौकोन आखले होते. पावसानं फक्की टिकत नाही म्हणून खडकाळ भाग निवडला होता, ही तिची अक्कल मला फार आवडली. मी कुंपणाजवळच्या दगडावर बसले आणि सरांचं स्टॉपवॉच बाहेर काढलं. ते आता माझ्याकडं आहे, त्याच्या दोरीची गाठ त्यांनीच मारलेली. निळा शर्ट घातलेला एक बुटका मुलगा निवडला, रांगेत शेवटी उभा असलेला. चालू, बंद. चालू, बंद. दोनदा तो माझ्या अगदी जवळून पळत गेला तेव्हा त्याच्या श्वासाचा आवाज आला.

तास संपला. मुलं नळाकडं धावली. ती माझ्याकडं आली, ओढणीनं मान पुसत, आणि काही न बोलता हात पुढं केला. मी घड्याळ तिच्या हातात दिलं. तिनं आकडा बघितला, ९ मिनिटं १० सेकंद. बराच वेळ बघत राहिली.

"हा कोणता?" तिनं विचारलं.

मी नळाच्या रांगेत उभ्या असलेल्या निळ्या शर्टाकडं बोट केलं. तिनं त्याच्याकडं बघितलं, मग घड्याळ शून्यावर आणलं, पण परत दिलं नाही.

"ताई, सोमवारी तुमचा आठवीचा तास कितीला असतो?"

"सव्वाअकराला."

"मग मी पावणेदहाच्या गाडीनं येते," ती म्हणाली, आणि घड्याळाची दोरी गळ्यात घातली.